पुसलेलं जहाज

रत्नागिरी, मंगळवार, तिन्हीसांजा

आजही समीरचा फोन नाही. आमचा एकुलता एक. त्याचं मालवाहू जहाज आखातात अडकलंय आणि तिथे बॉम्ब पडतायत, एवढंच कळलंय.

आणि नववीला शिकवायचं होतं नेमकं दुसरं महायुद्ध. दरवर्षीसारखी फळ्यावर जहाजं काढली, अमेरिकेतून इंग्लंडला धान्य-पेट्रोल नेणारी. जर्मन पाणबुडीने एखादं बुडवलं की मी ते तळहाताने पुसते आणि दोन नवी काढते. बुडायची त्याहून जास्त अमेरिका बांधायची, म्हणून युद्ध फिरलं. पोरांना हे फार आवडतं.

आज पहिलंच पुसलं आणि हात थांबला. त्या जहाजावर माणसं होती, हे इतक्या वर्षांत एकदाही कसं बोलले नाही मी?

"बाई, आता दोन काढा ना!" पोरं ओरडत होती. काढवेना.

घरी आले तर हे दारातच बसलेले. "लागला काय गो फोन?" मी फोनच यांच्या हातात दिला.

दिवेलागण टळून चाललीय. हात धुतल्याशिवाय देवापुढे दिवा लावता येत नाही. आणि त्या जहाजाचा खडू अजून तळहाताला आहे, तो धुववत नाही.