‘साधारणपणे सुस्थितीत’ या शेऱ्याबाबत

प्रति,
मा. देखभाल अधिकारी,
कार्यालयीन इमारत विभाग,
चौथा मजला, लिफ्टशेजारची खोली.

विषय : लिफ्टच्या अपघाताच्या चौकशी अहवालातील ‘साधारणपणे’ हा शब्द काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या सहीचा अहवाल. २) माझे यापूर्वीचे दोन अर्ज, ज्यांचे काय झाले ते आपणासच ठाऊक.

महोदय,

आपल्या इमारतीतील लिफ्टमनची मी धाकटी बहीण. माझे बंधू चौथ्या मजल्यावरून लिफ्टच्या पोकळीत पडले, हे आपणास आठवत असेल. पोकळीचे ते दार आपल्याच खोलीला लागून आहे. सध्या ते कंबर आणि पाय मोडून अंथरुणावर आहेत व आपल्या अहवालामुळे निलंबितही आहेत.

२. अहवालात आपण लिहिता, ‘सदर उद्वाहन साधारणपणे सुस्थितीत असून अपघात चालकाच्या निष्काळजीपणामुळे घडल्याचे दिसते.’ मी प्राथमिक शाळेत शिकवते. साधारणपणे म्हणजे बहुतेक वेळा, नेहमी नव्हे, एवढे माझ्या चौथीच्या मुलांना समजते. मुले साधारणपणे दंगा करतात, पाहुणे साधारणपणे जेवायच्या वेळी येतात, असे म्हणायला तो शब्द चांगला आहे. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दाराआड लिफ्ट साधारणपणे असते, हे वाक्य आपण एकदा मोठ्याने म्हणून पाहावे.

३. याचा खुलासा मागायला मी आपल्या कार्यालयात आले होते. आपण बैठकीत होता. आपल्या हेडक्लार्कांनी मला समजावले, “बाई, साधारणपणे म्हटलं की सगळं त्यात येतं. उद्या कुणी काही विचारलं तर आपण कुठे अडकत नाही.” इतके स्वच्छ उत्तर आपल्या कार्यालयात मला पुन्हा मिळेल असे वाटत नाही, म्हणून ते येथे जसेच्या तसे उतरवले आहे.

४. आता सुस्थितीविषयी. चौथ्या मजल्याचे दार लिफ्ट खाली असतानाही उघडते. लिफ्ट आल्याचे दाखवणारा दिवा कधीच गेला. बंधूंनी तोंडी सांगितले, लेखी दिले, शेवटी स्वतःच एक सोय केली. लिफ्ट वर आली की ते आतून दारावर तळहाताने दोन थापा मारत, मग बाहेरच्यांनी दार ओढायचे. सगळ्या मजल्याला ती सवय झाली होती. आपणही, महोदय, थापा ऐकल्याशिवाय दाराला हात लावत नव्हता. ज्या यंत्रात शिरण्यापूर्वी अधिकाऱ्याला कान देऊन उभे राहावे लागते, त्याला सुस्थितीत म्हणायला धाडस लागते. ते आपल्याकडे भरपूर आहे.

५. त्या दुपारी बंधू चौथ्या मजल्याच्या मागच्या गॅलरीत जेवायला गेले होते आणि लिफ्ट बदलीचा शिपाई चालवत होता. बंधू परत आले तेव्हा त्यांना दोन थापा ऐकू आल्या. त्यांनी दार ओढून पाऊल टाकले. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर उभी होती. थापा शेजारच्या भिंतीवर सुतार मारत होता. तो आपल्या नावाची नवी पाटी ठोकत होता. अहवालात पाटीचा उल्लेख नाही. पाटी झकास दिसते, मी पाहिली.

६. यापुढे तर कमालच आहे. लिफ्ट दुरुस्तीचा प्रस्ताव आपल्याच विभागाने परत पाठवला, कारण अहवालानुसार ती सुस्थितीत आहे आणि सुस्थितीतील वस्तूची दुरुस्ती नियमात बसत नाही. म्हणजे त्या एका शेऱ्याने माझा भाऊ दोषी ठरला, लिफ्ट निर्दोष सुटली आणि तिच्यातून माणसांची ने-आण आजही चालू आहे. भावाची नोकरी जाईल याचा मला संताप आहेच. पण ज्या माणसाने रोज सगळ्यांना सांभाळून वर नेले त्यालाच आपण बेफिकीर म्हणता, याची मला किळस येते.

७. चौकशी केल्यावर असेही कळले की अपघाताच्या दुसऱ्या दिवसापासून आपण जिन्याने ये-जा करता. गुडघेदुखी असूनही करता. यावरून लिफ्टविषयी आपले खरे मत मला समजले आहे. ते अहवालात यावे, एवढीच मागणी आहे.

८. तरी अहवालातील सदर शब्द काढून लिफ्ट नादुरुस्त असल्याची नोंद करावी, ती तातडीने बंद करावी व माझ्या बंधूंचे निलंबन मागे घ्यावे. हे जमत नसेल तर अहवालावर विश्वास ठेवून उद्यापासून आपण लिफ्टने वर यावे.

उत्तराची वाट पाहणारी,
लिफ्टमनची धाकटी बहीण

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत : १) अहवालाची प्रत. २) बंधूंनी दिवा व दाराविषयी केलेल्या तक्रारींच्या प्रती, आपल्याच कार्यालयाच्या पोचेसह.

ता. क. : हा अर्ज मी दादाला वाचून दाखवला. शेवटची मागणी ऐकून तो म्हणाला, “साहेब खरंच आले लिफ्टने, तर त्यांना सांग, परत जाताना चौथ्यावर दार उघडलं की आधी खाली बघा, मगच पाय टाका.” त्याने लिहायला लावले म्हणून लिहिले. मी लिहिले नसते.