अक्काची फ्लॉपी

चिकलठाणा, छ. संभाजीनगर
८ जानेवारी २०२५

ती. द्वारकाअक्कास,
धाकट्या बद्रीनाथचा सा. न. वि. वि.

फोनवर तू ऐकत नाहीस, आपलंच सांगतेस, म्हणून पत्र. महिन्याभरानं प्रेरणा बाळंतपणाला माहेरी येतेय. मंजुषानं मला बजावलंय, मागची खोली रिकामी झाली नाही तर पाळण्याच्या जागी तुम्हालाच टांगीन. खोलीत माझ्या क्रांती चौकातल्या बंद पडलेल्या क्लासचे दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि सात डबे फ्लॉपी आहेत. माझा जुना भागीदार जहांगीरभाई म्हणतो, अर्ध्या शहराच्या लग्नपत्रिका आहेत यात, फेकायच्या कशा? मंजुषा म्हणते, त्या नवरदेवांना नातवंडं झाली, आता पत्रिकांचं लोणचं घालता का? तू सांगशील तसं करीन.

तुझा लोभ आहेच. रागही असू दे.
बद्रीनाथ

फुलंब्री
१३ जानेवारी

चि. बद्रीस अनेक आशीर्वाद. मंजुषाला थोडे जास्त.

दे भंगारात. तू तो कॉम्प्युटरचा डबा आणला तवा आईनं त्याच्यापुढं नारळ फोडला, पाणी आत गेलं अन् आठ दिवस तो दुरुस्तीला पडला. तवाच वळखायला पायजे होतं. लेकीला हवा लागती, तारा नाय. तुझे दाजी पण हेच म्हणतात. पर त्यांचं ऐकू नको, त्यांनी स्वतः तीन मुके रेडिओ जपून ठेवलेत.

पोरीला जप. माया आहे तशीच राहू दे.
अक्का

चिकलठाणा
२१ जानेवारी

ती. अक्कास सा. न.

तुझा हुकूम मानला. भंगारवाला पुढच्या शनिवारी येतोय. पण जहांगीरभाई ऐकेना. त्यानं एक कॉम्प्युटर सुरू केला आणि एकेक फ्लॉपी घालून पाहिली. बहुतेकांना बुरशी. एक मात्र उघडली. वर लिहिलंय, ‘अक्का. कोणाला दाखवू नये.’

आठवलं? अठ्ठ्याण्णवच्या संक्रांतीला दाजींवर रुसून तू क्लासात आलीस आणि त्यांना द्यायला चौदा तक्रारी माझ्याकडून टाईप करून घेतल्यास. संध्याकाळी दाजी जिलेबी घेऊन न्यायला आले, तू कागद विसरून गेलीस. मी काही वाचलेलं नाही. नववी तक्रार फार झकास आहे. हीपण भंगारात देऊ का?

कृपा असावी.
बद्रीनाथ

फुलंब्री
२४ जानेवारी

चि. बद्रीस आशीर्वाद.

खबरदार! भंगारवाल्याला वाटेतून माघारी लाव. छापून धाड, बंद पाकिटात. दाजींच्या हाती पडता कामा नये.

घाईत आहे, लोभ पुढच्या पत्रात.
अक्का

फुलंब्री
३ फेब्रुवारी

चि. बद्रीनाथ यांस नानासाहेबांचे आशीर्वाद.

पाकिटावर ‘सौ. द्वारकाबाई नानासाहेब’ असं होतं. त्यात माझंही नाव आलं, म्हणून उघडलं. चौदा तक्रारी दोनदा वाचल्या. उत्तराला सत्तावीस वर्षं उशीर झाला, माफी असावी. दुसरी कबूल. सहावी साफ खोटी, जळालेलं लुगडं बंबाजवळ तिनंच ठेवलं होतं. नववी घोरण्याची, त्यावर इलाज झाला नाही.

चौदावी मात्र हसण्यावारी नेता येईना. ‘मला बद्रीच्या क्लासात शिकायचं होतं. यांनी विचारलं, म्हशीची धार कोण काढील? मग मी परत बोलले नाही.’ मला यातलं काहीच आठवत नव्हतं. तिला आठवतं का, विचारलं. ती म्हणाली, भाकर करपतीय, आणि आत गेली. चुलीवर तवासुद्धा नव्हता.

चालू असलेला कॉम्प्युटर भंगारात देऊ नये. रविवारी टेम्पो घेऊन येतो. प्रिंटरही द्या. चार दिवस शिकवायला जहांगीरभाईंना आमच्याकडं पाठवा, बडदास्तीत कमी पडणार नाही.

कळावे. मेहुण्यानं मेहुण्याला सांभाळून घ्यावं.
नानासाहेब

फुलंब्री
२ मार्च

चि बद्रीस आशीर्वाद

हे मीस्वताटाईप केलं. मोकळी जागा सोडायचं बटन आत्ता घावलं. एवढ्याला सकाळपासून बसलीय. प्रेरणाला मुलगी झाली, लई आनंद. बारशाची पत्रिका मीच करणार, दुसऱ्या कुणाला सांगू नको.

दाजी धार काढायला गेलेत. म्हैस लई ओरडतीय, दाजी बी ओरडतायत. मी उठत नाय.

लोभ हाय
द्वारकाबाई