तोरण्यावरचं आभाळ

११ मे १९५८, दौंड
युसुफ पुण्याहून, डोळ्यांच्या डॉक्टरकडून परत. काचबिंदू. आत्ताच नळकांड्यातून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. दिवाळीनंतर तेही राहील की नाही, देव जाणे. इंजिनावरचं काम आधीच गेलं. चहा पिता पिता म्हणाला, "वसंता, एकदा तोरण्यावर जाऊ. वरनं सगळं बघून घेतो." शाळेत असताना दोघं गेलो होतो तेव्हा वर नुसतं धुकं होतं. हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

१४ मे
रजा याच महिन्यात. मग पावसाळा, गड बंदच समजायचा, आणि त्यानंतर डोळे. म्हणजे हेच वळवाचे दिवस. स्टेशनात ड्यूटीवर असताना तारेवरून पुण्याच्या तारबाबूला विचारलं, डोंगराकडं आभाळ कसं? सकाळी निरभ्र, दुपारनंतर काळंकुट्ट, विजा. कालही हेच.

१५ मे
हॉटेलातला रेडिओ: तुरळक ठिकाणी गडगडाटासह सरी. तुरळक म्हणजे कुठं, ते काही कोणी सांगत नाही.
आईला कळलं. मी पायाळू, पायाकडून जन्मलेला, आणि पायाळूवर वीज पडते हे तिच्या लेखी पक्कं. ढग वाजला की लहानपणी घोंगडीखाली कोंबायची. चाळिशी आली तरी तेच. जेवली नाही.

१८ मे
आई परस्पर युसुफकडे जाऊन आली. "बाबा, डोळं गेलं तरी तुझा जीव ऱ्हाईल. माझ्या पोराचा जीवच जायचा." त्याच्या तोंडावर म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र मला हे सांगताना हसत होता. "मावशी बरोबर बोलल्या. तू पायाळू, म्हंजी वीज तुझ्यावरच पडंल. मला काय भ्या न्हाई. तुला न्यायलाच पायजे." एरवी मीही हसलो असतो.

२१ मे
ठरलं. रात्री पायथ्याला मुक्काम, उजाडताच चढायचं, दुपारच्या आत खाली. वीज दिसली की गडगडेपर्यंत मोजायचं. आकडा लहान होत गेला तर माथा सोडायचा, झाडाखाली थांबायचं नाही. मोजायचं काम युसुफनं मागून घेतलं. "पायाखालचं तू बघ. आभाळ माझ्याकडं." नाही कसं म्हणू?

२४ मे
तारबाबू: काल त्या बाजूला वीज पडून दोन बैल गेले. युसुफला सांगितलं नाही. मला तर या सगळ्यातून चांगलं काही निघेलसं वाटतच नाही.

२५ मे
रेल्वेचे पास हातात आले. संध्याकाळी फलाटाच्या टोकाला बसलो, तोंडं मावळतीला. समोरच, जरा वरच्या अंगाला वीज चमकली, चांगली लांबलचक. युसुफ तिकडंच बघत होता. मी वाट पाहिली. तो मोजेना. मग गडगडलं.
"ऐकलंस?" तो म्हणाला. "नुसता आवाज हाय, वीज न्हाई. परवा चढायला आभाळ बरं हाय."
मी व्हय म्हणालो.
घरी पिशवी भरली. आई वर घोंगडी ठेवून गेली. पहाटेची गाडी. वीज चमकली होती हे त्याला सांगावं, तर तो जन्मात तोरण्याचं नाव काढणार नाही. न सांगावं, तर वर नेऊन त्याला मी काय दाखवणार, आणि आभाळ कोण बघणार?