हीटरची खडखड

त्सुकुबा, जपान. जानेवारी, शनिवार संध्याकाळ

उजव्या पायाचा अंगठा सुजलाय. बरं झालं.

रॉकेलच्या हीटरची मागची जाळी आठवडाभर खडखडतेय. आज स्क्रू आवळले, जुन्या चपलेचं रबर कापून त्याच्या पायांखाली घातलं. पाच मिनिटं शांत, की पुन्हा खडखड. स्वयंपाकघरातून अनुजा म्हणाली, "राहू दे ना रे, दुकानात दाखवू." एवढंच. यात चिडण्यासारखं काय होतं?

मी हीटरला लाथ घातली. धक्का बसला की तो आपोआप विझतो, भूकंपासाठी केलेली सोय. विझला. खडखडही थांबली. तरी मी आणखी दोन लाथा हाणल्या, जाळी चेपेपर्यंत. कपाटातली भांडी वाजली, लाकडी जमीन हादरली.

"जिशिन!" अभ्यासाला बसलेली मुग्धा किंचाळली. भूकंप म्हटलं की पोरगी जपानीतच ओरडते. शाळेत शिकवलंय तसं दप्तर डोक्यावर धरून टेबलाखाली शिरली. अनुजाने आधी गॅस बंद केला. मार्चच्या त्या मोठ्या भूकंपापासून हात आपोआपच तिकडे जातो. मग तिने बाहेर येऊन चेपलेली जाळी पाहिली, मला पाहिलं. एक शब्द बोलली नाही.

आठवडाभर हीच शांतता हवी होती ना मला?

टेबलापाशी वाकलो. "मुगू, ये बाहेर. संपलं."

"बाबा, अजून धक्के येतील?"

नाही म्हणालो. ती माझ्या पायाकडे बघत राहिली.