अण्णांना मानवेल असा कंट्रोलर

तीर्थस्वरूप भाऊजींना,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द जपून वापरतो आहे. सध्या आमच्या बाहेरच्या खोलीत व्हिडिओ गेमचे दोन कन्सोल, त्यांचे कंट्रोलर आणि या सगळ्यांच्या वायरी पसरल्या आहेत. खरोखर साष्टांग घालायचा झाला तर तो तिरका घालावा लागेल. तसा तो घातला आहे असं समजावं.) तुमची कंबर आता कशी आहे? ताईचा खोकला गेला का? तिला म्हणावं, औषधाची बाटली अर्ध्यावर आली की बरं वाटलं असं जाहीर करायची तुझी लहानपणची सवय आहे, ती आता सोड. आम्ही सगळे ठीक. अण्णांची तब्येत उत्तम, भूक उत्तम, आणि तुम्हाला ज्याची काळजी लागली आहे तो हट्टही उत्तम.

तुमचं पत्र मिळालं. मी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला तुमचं वाईट वाटलं. (पहिल्या वेळी थोडं हसूही आलं. ते लपवणं मला बरोबर वाटत नाही.) अण्णांनी सहा महिने आमच्याकडे आणि सहा महिने तुमच्याकडे राहायचं, ही आपल्या घरातली इतकी मुरलेली गोष्ट, की ती कधी ठरली हे कुणालाच आठवत नाही. यंदा त्यांची पाळी तुमच्याकडची. ताईने खोलीला रंग दिला, तुम्ही पलंगाची उंची कमी करून घेतली, आणि ऐन वेळी अण्णांनी भरलेली बॅग उपसून कपडे परत कपाटात लावले. ताईने फोनवर कारण विचारलं, तर म्हणाले, ‘तिकडे खेळात मजा नाही.’ आता यावर मुलगी रडते. जावई मात्र लगेच कामाला लागतो. तुम्ही लिहिलंत, ‘आमचा कन्सोलच अण्णांना मानवत नसावा. तेव्हा तो काढून टाकून मी तुमच्याकडे आहे तसलाच घेतो, फक्त दोन्हींत नेमका फरक काय ते निःपक्षपातीपणे कळव.’

निःपक्षपातीपणे! भाऊजी, या एका शब्दाने माझा आठवडा खाल्ला. प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासताना बाटली कुठल्या विहिरीची आहे हे मी मुद्दाम बघत नाही. इथे एक विहीर माझी आणि एक तुमची. शिवाय मला अण्णा इथेच राहायला हवे आहेत की जायला हवे आहेत, हेही मला नीट सांगता येईना. ते गेले तर घर सुनं होईल हे खरं. ते गेले तर सोफ्याचं उजवं टोक, जिथे पंख्याचा वारा थेट येतो, ते मला मिळेल हेही तितकंच खरं. एका मनात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसलेल्या बघून मला माझीच लाज वाटली. तेव्हा ठरवलं की आठवणीवर विसंबायचं नाही. दोन्ही यंत्रं समोरासमोर ठेवायची आणि अण्णांच्या हातात देऊन बघायची.

तुमच्यासारखा कन्सोल खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याकडे निघाला. दाढ काढायला आलेल्या मुलांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून तो त्याने बाहेरच्या बाकांसमोर ठेवला आहे. (प्रत्यक्षात मुलं आत जायला तयार होत नाहीत आणि त्यांचे बाप खेळत बसतात.) दवाखाना बंद असतो म्हणून रविवारपुरता त्याने दिला. तो उचलून दोन जिने चढताना तुमच्या कन्सोलबद्दलचं माझं पहिलं मत बनलं, पण दम लागलेल्या माणसाचं मत ग्राह्य धरू नये. बसल्यावर शांतपणे पाहिलं तर वस्तू देखणी आहे. उभी, गोरी, कॉलर ताठ केलेली. पण आमच्या टीव्हीखालच्या कप्प्यात ती उभीही मावेना, आडवीही मावेना. शेवटी तिला शेजारी खुर्ची द्यावी लागली. दिवसभर ती लग्नात रुसलेल्या काकूंसारखी त्या खुर्चीवर बसून होती आणि मधूनमधून मोठ्याने उसासे टाकत होती. (तो पंख्याचा आवाज, असं दंतवैद्य म्हणतो.) आमचा कन्सोल त्यामानाने जेवणाच्या डब्याएवढा. कुठेही मावतो, आवाज करत नाही, पण तासाभरात असा तापतो की पावसाळ्यात आमची ही त्याच्यावर मोजे वाळत घालते.

आता कंट्रोलर, ज्याला अण्णा दोन्ही घरांत ‘रिमोट’च म्हणतात. तुमचा जड आहे, पण हातात भरतो. तळव्याला तो आपल्यासाठीच घडवलाय असं वाटतं. गाडी खडीवरून गेली की त्याला वेगळी थरथर, गवतावरून गेली की वेगळी. मला हे फार कौतुकाचं वाटलं. अण्णा म्हणाले, ‘माझे हात आधीच थरथरतात, त्यात याची भर कशाला?’ मी लगेच तुमचा एक गुण वजा केला. आमचा कंट्रोलर हलका, म्हणून मी एक गुण आमच्या बाजूला मांडणार, तोच अण्णा म्हणाले, ‘आणि तुझा हा रिमोट डावीकडे ओढतो.’ खरं आहे. त्यावरची वळवायची काठी सोडून दिली तरी आमची गाडी हळूहळू डावीकडे सरकते. गाडी चालवण्याच्या परीक्षा घेण्यात ज्यांची उभी हयात गेली त्यांच्या नजरेतून हे कसं सुटावं? गेले सहा महिने ते मला चाकं सरळ करून आण म्हणून सांगताहेत. मी हो म्हणतो, कारण त्या यंत्राला चाकं नाहीत हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे.

तरीही मनात शंका राहिली की अण्णा कुणाचा राग नको म्हणून दोघांनाही नावं ठेवत नसतील ना. म्हणून प्रयोगशाळेची रीत वापरली. दोन्ही कंट्रोलर दोन जुन्या मोज्यांत घातले, अण्णांना डोळे मिटायला लावले आणि एकेक हातात देऊन विचारलं, कुठला बरा वाटतो? पहिला हातात घेताच अण्णा म्हणाले, ‘हा दंतवैद्याचा.’ मी थक्क झालो. आकारावरून, वजनावरून, की पकडीवरून ओळखला, असं मी कागद-पेन घेऊन विचारलं. ‘लवंगेच्या तेलाचा वास येतोय,’ अण्णा म्हणाले. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘आणि दुसऱ्याला तुमच्या मोज्याचा.’ प्रयोग तिथेच थांबवला.

पडद्यावरच्या मेनूबद्दल लिहायला मला संकोच वाटतो, कारण तिथे माझ्या हातून एक अपघात झाला. तुमचा मेनू तुमच्या हॉटेलसारखाच आहे. आत शिरलं की मंद संगीत, नाव घेऊन स्वागत, भिंतभर मोठमोठी चित्रं, मग आणखी चित्रं. आपण खेळायला आलो होतो हे आपण विसरतो, आणि विचारायला जावं तर अपडेट चालू असतो. अक्षरं मात्र बारीक. अण्णा त्यासमोर चष्मा वरखाली करत राहतात. आमचा मेनू म्हणजे शाळेतल्या कपाटांसारखी चौकोनांची रांग. सौंदर्य शून्य, पण चुकायला वाव नाही. निदान मला तसं वाटत होतं. घोटाळा असा की आमच्याकडे ‘हो’चं बटण उजवीकडे आणि ‘नको’चं खाली, तुमच्याकडे बरोबर उलट. दंतवैद्याच्या कन्सोलने मला विचारलं, चालू स्पर्धा पुसून नवी सुरू करायची का? मी, सवयीने, ठामपणे आणि अत्यंत सद्हेतूने ‘नको’ दाबलं. दंतवैद्य दवाखान्याच्या मधल्या सुट्टीत वर्षभर ती स्पर्धा खेळत होता. मी त्याच क्षणी खाली त्याच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तो फक्त माझ्याकडे बघत म्हणाला, ‘तुमच्या त्या खालच्या दाढेचं काम बाकी आहे ना?’ तेव्हापासून मी डाव्या बाजूने चावतो आणि उजवीकडचं दुखणं कुणाला सांगत नाही.

एवढं सगळं होऊनही गुणांची बेरीज बरोबरीत आली. मी पुन्हा केली, पुन्हा बरोबरी. दुपारी शेवटचा उपाय म्हणून अण्णांना आणि हिला तुमच्या, म्हणजे दंतवैद्याच्या, कन्सोलवर गाड्यांची शर्यत लावायला बसवलं. अण्णांचं गाडी चालवणं तुम्ही पाहिलंच आहे. वळण्याआधी दिवा कुठल्या बटणाने लावायचा म्हणून विचारतात, मागून कुणी घाईत आलं तर त्याला वाट देतात, आणि हॉर्न नाही म्हणून कंपनीला नावं ठेवतात. ही शाळेत गणित शिकवते. तिने जन्मात कुणाला अर्धा मार्क फुकट दिलेला नाही. पहिल्याच वळणावर ती दिसेनाशी झाली.

‘अण्णा, मी पुढे जाऊन चहा टाकते. तुम्ही या सावकाश.’

‘सूनबाई, तू ज्या बाजूने पुढे गेलीस ना, त्या एका गोष्टीवर मी तुला नापास केलं असतं.’

‘नापास करायला आधी गाठावं लागतं, अण्णा.’

ती जिंकली. पुन्हा जिंकली. अण्णा कडेच्या कुंपणात अडकले तेव्हा तर ती मागे वळून एक चक्कर मारून बघून गेली, मदत न करता. आणि अण्णा हसत होते, भाऊजी! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. कंट्रोलर मांडीवर ठेवून म्हणाले, ‘छान आहे रे हे यंत्र.’

माझा कागद माझ्या हातात तसाच राहिला. मी म्हटलं, अहो, हेच यंत्र ताईकडे आहे, मग तिकडे मजा नाही म्हणता ते कशाला?

‘यंत्राबद्दल कोण बोललं?’ अण्णा म्हणाले. ‘जावईबापू शेवटच्या वळणावर ब्रेक मारतात. दर वेळी. गाडीचे मागचे लाल दिवे दिसतात मला. अरे, घाबरून मारलेला ब्रेक वेगळा, समोर कुणी आडवं आलं म्हणून मारलेला वेगळा, आणि सासऱ्याला पुढे जाऊ दे म्हणून मारलेला वेगळा. मग वर म्हणायचं, वा अण्णा, काय वळण घेतलंत! पाहुण्याला एकदा जिंकू द्यावं, दोनदा द्यावं. मी सहा महिने राहतो तिथे. किती दिवस जिंकत बसायचं रे माणसाने?’

मी गुणांचा कागद घडी करून खिशात घातला. तुमच्या हॉटेलात दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं, हे मी जाणतो. तुमचं ते अंगवळणी पडलं असेल. तुमच्या मनात आदराशिवाय दुसरं काही नव्हतं, हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, ‘माहीत आहे. तेच तर!’

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: दोन्ही यंत्रं सारखीच चांगली आणि सारखीच तापदायक. तुमचं विकू नका. फक्त मेनूतली अक्षरं मोठी करून ठेवा आणि ती थरथर बंद करा. ताईला आशीर्वाद मागितल्याचं सांगा. मोठ्यांना नमस्कार लिहायचा, पण तुमच्या घरात तुम्हीच मोठे, तेव्हा तो तुमचा तुम्हीच घ्या.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. — खरी विनंती वर लिहायचा धीर झाला नाही, ती इथे लिहितो. अण्णांना हरवा. चांगलं सणसणीत हरवा, ताईच्या देखत हरवा, आणि जमलं तर थोडं चिडवा. ‘भाऊजींनी मनात आणलं तर तुम्हाला पहिल्या वळणावरच मागे टाकतील,’ असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘मग बघायला जायलाच हवं,’ आणि शनिवारच्या गाडीचं तिकीट काढायला लावलं. मी तुम्हाला हे कळवलंय हे मात्र त्यांना कळू देऊ नका.

आणखी ता. क. — हे पत्र हिने वाचलं. (मी दाखवलं नाही, पण झाकलंही नाही.) तिचं म्हणणं, मागच्या भेटीत तुम्ही आमच्याकडे एकटेच खेळत होता, समोर ना सासरा ना कुणी, आणि तरीही तुमच्या गाडीचे लाल दिवे शर्यतभर लागलेले होते. उजव्या बोटाने वेग आणि डाव्या बोटाने ब्रेक, असे दोन्ही खटके तुम्ही एकदम आवळून धरता, असं तिने स्वतः पाहिलंय. म्हणजे आजवर अण्णांकडून तुम्ही खरोखरच हरत आलात की काय? तसं असेल तर कृपा करून मला कळवू नका. मी अण्णांना शब्द देऊन बसलो आहे. शनिवारला अजून अवकाश आहे. तेवढ्यात डावं बोट वर उचलून धरायला शिका.