साक्षीदार, वय वर्षे आठ

वासणा, बडोदे
३ ऑगस्ट २०२५

ती. पूर्णिमाकाकूस,
शि. सा. न. वि. वि.

‘ध्रुवला काकूनं गच्चीवर नेलं होतं.’ हे वाक्य तू विसरली नसशील. अडतीस वर्षांपूर्वी, उत्तरायण होऊन चार दिवस झाले होते, दहा महिन्यांचा माझा भाऊ आईच्या मांडीवर निपचित पडला होता, तेव्हा ते मी म्हटलं होतं. दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन तुझ्याकडे बाजव्याला येते, तेव्हा ते ओठांवर येतं आणि परत जातं. फोनवर बोलता येणार नाही, म्हणून लिहिते.

उन्हाळ्यात लेक उत्कर्षानं मला एका ऑनलाइन वर्गाला घातलं. विषय चेटकिणींचा इतिहास. शाळेत त्याच त्या लढाया किती वर्षं शिकवशील, म्हणाली. आईनं विचारलं, परीक्षेत लिंबू-मिरच्या बांधून दाखवायच्या का? मीही हसले. सहाव्या व्याख्यानापर्यंत हसतच होते.

ते व्याख्यान मुलांच्या साक्षींवर होतं. युरोपात कितीतरी बायकांना पोरांच्या बोलण्यावरून शिक्षा झाल्या. लहान मूल कशाला खोटं बोलेल, असं मोठ्यांना वाटायचं. मी लॅपटॉप मिटला आणि उगाच पोहे निवडत बसले.

शेवटचा निबंध चाळीस गुणांचा आहे. आपल्या माहितीतला एक आरोप घ्यायचा. तो कोणी केला, साक्ष कोणाची, शिक्षा काय, ते लिहायचं. मी लिहिलं. आरोप: पांढऱ्या पायाची, वर्षभरात नवरा गेला, आता जावेचं मूल. आरोप करणारी: आई. शिक्षा: बाबांनी ट्रंक रिक्षात ठेवली आणि तुला चोविसाव्या वर्षी तुझ्या भावाकडे पोचवलं. साक्षीदार: नीरजा, वय वर्षे आठ. साक्ष खोटी.

ध्रुवला मी नेलं होतं, काकू. वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या दुपारी, सगळे झोपलेले असताना. खोकला आहे, बाहेर काढायचं नाही, असं आईनं बजावलं होतं. मला त्याला पतंग दाखवायचे होते.

जिच्यावर आरोप झाला ती हयात असेल, तर तिची लेखी संमती लागते. कागद जोडला आहे. सही कर, किंवा हवं ते बोल. आजवर लोभ केलास तो मला न ओळखता. आता ओळखून जमला तर कर.

तुझी
नीरजा


बाजवा
१४ ऑगस्ट २०२५

चि. नीरजास काकूचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, मुंग्या चालल्यासारखं. लोक पन्नाशीच्या तोंडावर गीतेच्या वर्गाला जातात, तू चेटूक शिकतेस! शेजारच्या हंसाबेनना सांगितलं, तर म्हणाल्या, सारुं ने, चांगलंच आहे की, शिकायला वय कुठं लागतं.

आता ऐक. मी तुला पाहिलं होतं. जिन्याखाली तीळ निवडत होते. तू त्याला उलटी कुंची घालून, धापा टाकत वर घेऊन गेलीस. मी हाक मारणार होते, पण तो इतका खिदळत होता की नाही मारली. तेवढा वाटा माझाही धर.

तू ते वाक्य बोललीस तेव्हा मी दारातच होते. तोंड उघडता आलं असतं. पण मी तशीही विधवा; मला तो शब्द लागला तर कुणाला नवल वाटलं नाही. तुला आठव्या वर्षी लागला असता, तर लग्नाच्या बोलण्यांपर्यंत मागे आला असता. आणि जाऊबाईंनी तुला पुन्हा कुशीत घेतलं असतं का, याची मला खात्री वाटेना.

डॉक्टर मला दवाखान्याच्या पायरीवर म्हणाले होते की न्यूमोनिया उत्तरायणाच्या चार-पाच दिवस आधीपासून मुरलेला होता, गच्चीचा काही संबंध नाही. मी ते सांगायला गेले, तर तुझे बाबा म्हणाले, पूर्णिमा, आता तू बोलू नकोस. म्हणजे तूही त्याला मारलं नाहीस. हे एवढं नीट वाच, दोनदा वाच.

पुढं बालवाडीत एकतीस वर्षं रिफायनरीवाल्यांची पोरं मांडीवर घेतली. सगळी धडधाकट आहेत. एक तर फौजदार झालाय.

सही मात्र करणार नाही. जाऊबाई बहात्तर वर्षांच्या झाल्या. हे कळलं, तर इतकी वर्षं माझ्यावर केलेला राग त्या कुठं ठेवतील? कागद कोरा परत पाठवते. दुसरं काही लिही आणि पास हो. जीव लावतेसच, त्यात खंड पडू देऊ नकोस.

तुझी
काकू


वासणा, बडोदे
९ सप्टेंबर २०२५

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

निबंध पुस्तकातून उतरवलेल्या एका खटल्यावर दिला. चाळीसपैकी तेहतीस. वर्गातले लोकच एकमेकांचे निबंध तपासतात. कुणीतरी शेरा मारलाय, पुरावे चोख, पण लिहिणारी यात कुठंच नाही. उत्कर्षानं प्रमाणपत्र फ्रीजवर चिकटवलंय. पाणी घ्यायला गेले की मी मान वळवते.

तुझं पत्र दोनदा नाही, रोज वाचते. गुपित माझं आहे असं मी समजत होते, आणि ते सांभाळत होतीस तू. माझ्या लग्नात मांडवाच्या कनातीपाशी उभं राहून अक्षता टाकल्यास आणि न जेवता बस पकडलीस. तेव्हा मला काय वाटलं सांगू? सुटले, असं वाटलं.

परवा खालच्या मजल्यावरच्या निरुपमाचे सासरे गेले. तिच्या लग्नाला तीन महिने झालेत. दाराशी शेजारणी जमल्या होत्या, आणि आई त्यांना म्हणाली की मुलगी पांढऱ्या पायाची दिसते. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही तिथंच उभी होते, काकू. या वेळी मी आठ वर्षांची नव्हते.

म्हणून आईला सांगायचं ठरवलंय. राग कुठं ठेवायचा, ते तिचं ती बघेल. इतकी वर्षं तो तुझ्याकडे ठेवलाच आहे. पण एकटीनं सांगायला बसले तर मी पुन्हा काहीतरी दुसरंच बोलेन, मला माहीत आहे.

रविवारी दहा वाजता आमचे केयूर गाडी घेऊन तुझ्या दारात येतील. तू गुडघे पुढं करशील, जाऊबाईंचं वय पुढं करशील, शेवटी मला शपथ घालशील आणि गाडी रिकामी पाठवशील. तरी मागते. ये, आणि मी बोलत असेन तेवढा वेळ माझ्या शेजारी बस.

तुझी
नीरजा