फ्रीज नंबर दोन, चार डिग्री

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.१०
लसींच्या फ्रीजचं तापमान दाखवणाऱ्या माझ्या ॲपवर आज लाल अक्षरांत एरर. औषधभांडाराच्या बाईंनी चष्मा लावून खात्री केली, तीही साहेबांसमोर. साहेब नसताना एरर बरा येत नाही! संशय शेजारच्या खुर्चीवर. माझं ॲप ज्या R भाषेत लिहिलंय, ती गडी कालपरवा शिकला आणि माझ्या ॲपवर डोळा. साहेब म्हणाले, शुक्रवारी पाहणी आहे. लाल दिसलं तर ॲप त्याच्याकडे.

मंगळवार, ४ मार्च
कारण सापडलं. फ्रीज दोनचा सेन्सर आकड्याऐवजी नुसती रेघ पाठवतो. त्यावर R आधी वॉर्निंग देतो, मग एरर. चुगलखोर! वॉर्निंगचं तोंड एका ओळीत बंद केलं. एररला ट्रायकॅच लावला: चूक आली की शेवटचा चांगला आकडा दाखव. शेजारच्याने विचारलं, अरे, चूक आल्याची नोंद तरी कुठे ठेवलीस का? माझ्या स्क्रीनमध्ये डोकावतोच कशाला?

बुधवार, ५ मार्च
सगळं हिरवंगार. फ्रीज दोन सकाळी ४, दुपारी ४, संध्याकाळी ४. इतका शिस्तीचा फ्रीज पाहिला नाही. शेजारचा म्हणे, बाकीचे थोडे तरी हलतात, हा कसा हलत नाही? जळतो मेला. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अंगात ताप असला तरी तू मजेत आहे म्हणतोस, त्यातलंच हे. कौतुक असावं.

गुरुवार, ६ मार्च
पासवर्ड बदलला. दुपारी भांडारातून बाईंचा फोन: फ्रीज दोनखाली पाणी आलंय. म्हटलं, बाई, स्क्रीन बघा, चार आहे. तर म्हणतात, अहो, स्क्रीन कोरडाच असणार, पाणी फरशीवर आहे. यांना कोण पढवतंय ते मला कळतं.

शुक्रवार, ७ मार्च. दुपारी १२.४०
पाहणी झाली. फ्रीजमधला साधा थर्मामीटर एकोणीस. स्क्रीन चार. मेकॅनिक म्हणाला, मंगळवारीच बंद पडलाय. तीनशे वीस डोस वाया. बाई खोकी बाहेर काढत राहिल्या. उद्या बाळांना घेऊन येणाऱ्या आयांना परत पाठवायचं त्यांच्याच नशिबी.
शेजारच्याने माझ्याकडून पासवर्ड घेऊन पाच मिनिटांत माझा ट्रायकॅच काढला. लाल अक्षरं हजर. साहेब म्हणाले, हे मला मंगळवारी दिसायला हवं होतं.
ॲप त्याच्याकडे. मला वही. उद्या आठपासून दर तासाला प्रत्येक फ्रीजचं तापमान स्वतः पाहून लिहायचं. म्हणजे मूळ आकडे माझ्याच हाती. साहेबांचा विश्वास उडालेला नाही.
दहा वाजता शेजारचा ते तपासायला येणार आहे.